मापात शिवलेलं काडतूस

ब्लॅकबर्न खोरं
५ जानेवारी १९८७

मर्टल,

सोडत निघाली. डोंगरातलं खोपटं आपल्याला मिळालं, ११ ते १८ एप्रिल. ऐन माजाचे दिवस. नर हरणं अशी बोंबलतील की डोळ्याला डोळा लागायचा नाही. पण ही शेवटची खेप. वनखातं मे महिन्यात, हिवाळा लागला की, खोपटं पाडणार आहे. पत्रे कुजलेत म्हणतात. कुजलेत खरे.

दुसरं असं की इतकी वर्षं मी आणि तुझा अ‍ॅलेक हरणं मारत आलो आणि तू चहा उकळत आलीस. अ‍ॅलेक गेल्यावर मी एकट्याने मारली, चहा तूच उकळलास. यंदा बंदूक तू धरायची. माझा खांदा दुखतो. मी चहा करीन आणि मांस पाठीवरून खाली आणीन.

अ‍ॅलेकची थ्री-नॉट-थ्री भिंतीवर आहेच. दुकानातून काडतुसांचे दोन खोके घे. झालं. फार विचार करू नकोस.

तुझा भाऊ
युअन


लम्सडेन
१४ जानेवारी

लाडक्या युअन,

तुझं पत्र आलं तेव्हा मी स्कोनचे छोटे गोल पाव करत होते. ‘बंदूक तू धरायची’ हे वाचून मी टेबलावर असा हात आपटला की मैदा सगळा मांजरावर. ते पांढरं मांजर पाहून शेजारीण म्हणाली, “नवीन आणलंस का गं?” आता बोल.

अरे, मी पाचवीतून गाईंच्या धारा काढायला गेलेली बाई. आयुष्यभर लोकांचे फ्रॉक शिवले. मला कुणी म्हणालं नाही, मर्टल, ही घे बंदूक. अ‍ॅलेकसुद्धा नाही, तो बिचारा माझ्या हातात नुसती कातरी पाहून बिचकायचा. आणि तू म्हणतोस, तू धर! शेवटच्या खेपेला! मी म्हटलं, इस्ला, आता हे नीट करायचं. (इस्ला सुटीला आलीय. नात असून नखरा नाही एक.)

तर अ‍ॅलेकची बंदूक घेऊन हर्बर्टच्या दुकानात गेले. त्याने नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं आणि म्हणाला, “आजी, हिच्यातून गोळी निघते खरी, पण कुठे जायचं ते तिचं ती ठरवते.” गोळीला सरळ धाडणारे आतले वळसे झिजून साफ गुळगुळीत. मग दुसरी बंदूक घ्यायची, तर काडतूस कुठलं? अरे, मी गावात नुसतं विचारलं, आणि पुरुषमाणसं जी सुटली! खाटीक म्हणतो, टू-सेव्हन्टी, सुतासारखी सरळ जाते. पोस्टातला म्हणतो, थ्री-नॉट-एट, दुसरं नावच काढू नका. पाद्रीबाबा म्हणाले, टू-फॉर्टीथ्री घ्या, धक्का बेताचा. पाद्रीच तो. पाद्रीणबाईंच्या बाळंतपणात कुणी इतकी विचारपूस केली नव्हती.

मी तीनही उडवून पाहिल्या. टू-सेव्हन्टी दूर जाते, पण गालफडात मारते. टू-फॉर्टीथ्री गोड आहे, पण मोठा नर समोर आला तर माझं मन धजायचं नाही. म्हणून थ्री-नॉट-एट. शनिवारच्या निशाणबाजीच्या क्लबात तीच चालते, म्हणजे कागदावर सराव आणि डोंगरावर शिकार, एका कढईत मटण आणि पुडिंग दोन्ही.

आणि दुकानातली काडतुसं मी घेणार नाही. हर्बर्टच म्हणाला, तयार काडतूस म्हणजे तयार फ्रॉक. सगळ्यांना होतो आणि कुणालाच बसत नाही. बंदुकीच्या मापाने घरी भरलेलं, ते खरं. मी तयार फ्रॉक कधी कुणाच्या मयतीलासुद्धा घातला नाही, तो शेवटच्या शिकारीला घालू?

खांद्याला घोड्याचं मलम लाव.

तुझी
मर्टल


ब्लॅकबर्न खोरं
२७ जानेवारी

मर्टे,

अ‍ॅलेकची बंदूक मोडीत घातलीस?

खोपट्यासमोरचं कुरण तू पाहिलंयस. तिथे हरणाला चहाचा मग फेकून मारला तरी लागतो. त्याला काय कळणार काडतूस मापात शिवलंय का ढगळ आहे. दुकानातून दोन खोके घे म्हटलं होतं.

मलम लावलं. वासाने कुत्रा अंगणात झोपतो.

युअन


लम्सडेन
१८ फेब्रुवारी

लाडक्या युअन,

तुझी थट्टा वाचली आणि सोडून दिली. मला वेळ नाही. मी काडतुसं भरते आहे!

स्वयंपाकघराच्या टेबलाला दाबाचं यंत्र आवळून बसवलंय, कीस काढायच्या यंत्राशेजारी. आधी उडवलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या. बुडातली ठिणगी देणारी जुनी टिकली ठोकून काढायची. पुंगळी फुगलेली असते, ती यंत्रात दाबून मापात आणायची, बाळंतिणीच्या कमरेसारखी. नवी टिकली बसवायची. मग दारू तोलायची, आणि तोलायची म्हणजे कशी, अरे, माझा श्वास लागला तरी काटा हलतो. त्या वेळी इस्ला खोलीत कुणाला बोलू देत नाही. मला म्हणते, “आजी, तोंड.” मग वर गोळी दाबून बसवायची. किती दारू घालायची ते पुस्तकात असतं, पुस्तकाच्या वर एक कणही जायचं नाही, नाहीतर बंदूकच फुटते. पण पुस्तकात बसतं त्याच्या आतसुद्धा प्रत्येक बंदुकीची आवड वेगळी. म्हणून थोडी थोडी वाढवत वेगवेगळे गठ्ठे करायचे, शनिवारी कागदावर मारायचे, आणि कुठल्या गठ्ठ्याची भोकं जवळ जवळ पडतात ते बघायचं. अगदी जॅमसारखं. साखर कमी पडली तर धरत नाही, आणि एक ठिकाण असं येतं की चमच्यावरच कळतं.

पहिल्या शनिवारी माझी भोकं जेवायच्या ताटाएवढ्या जागेत. दुसऱ्या शनिवारी बशीएवढ्या. गेल्या शनिवारी? स्कोनएवढ्या! क्लबातले सगळे कागदाभोवती जमले. खाटीक म्हणाला, “आजींचा हात बसलाय.” मी म्हटलं, बसायला तो उठला होता कधी.

इस्ला पुढच्या आठवड्यात डनेडिनला परत जाते, कॉलेज सुरू. घर सुनं होईल. मग मी आणि माझा तराजू.

अरे हो, तुझं अक्षर असं काय रे? ओळीवर ओळ चढलीय, जशा मेंढ्या फाटकात. टेबल हलतंय का? पायाखाली पुठ्ठा घाल.

मर्टल


ब्लॅकबर्न खोरं
२ मार्च

मर्टे,

टेबल हलतं. पुठ्ठा घातला.

स्कोनएवढी भोकं पुरे झाली. हरणाचं काळीज स्कोनपेक्षा मोठं असतं. आता थांब, आणि आहे ते घेऊन ये. वाटेवर दोन झाडं पडलीत, हळू जावं लागेल. मी आतापासून चहाची पावडर बांधून ठेवलीय.

युअन


लम्सडेन
२२ मार्च

लाडक्या युअन,

आधी गोड सांगते, मग कडू.

गोड: सापडलं! गेल्या शनिवारी पाच गोळ्या, आणि कागदावर भोक एकच म्हणावं असं, कडेला जरा फुलपाकळ्यांसारखं फाटलेलं. मी तो कागद चौकट करून चुलीच्या वर भिंतीवर लावलाय, अ‍ॅलेकच्या फोटोशेजारी. हर्बर्ट म्हणाला, ही बंदूक आता तुमच्यावर लग्नाच्या बायकोसारखी प्रेम करते. मी म्हटलं, लग्नाची बायको मी होते, मला विचार.

कडू: त्या पाच गोळ्यांबरोबर दारूचं डबडं संपलं. शोधता शोधताच संपलं, रे! हर्बर्टने त्याच नावाचं दुसरं दिलं, पण ते कारखान्याच्या दुसऱ्या घाण्यातलं निघालं. तीच पुंगळी, तेच वजन, आणि भोकं पुन्हा बशीएवढी. म्हणजे परत पहिल्यापासून. हर्बर्ट म्हणतो, सगळ्यांचं असंच होतं, चांगलं माप सापडतं ते तळ दिसल्यावरच. त्याच्या दुकानात असे पंधरा वर्षं शोधणारे आहेत. त्यांनी अजून हरीण पाहिलेलं नाही.

अजून एक. ही कागदाची गोळी हरणाला चालत नाही. ती आरपार जाते, फुलत नाही. शिकारीला मऊ टोकाची लागते, आणि ती बसवली की सगळं माप पुन्हा वेगळं.

आणि आता खरं सांगते. क्लबवाल्यांनी मला जिल्ह्याच्या संघात घेतलंय. मला! त्रेसष्ट वर्षांच्या शिंपिणीला! स्पर्धा शनिवारी ११ एप्रिलला आहे, आणि जिंकलो तर मंगळवारपर्यंत चालेल. तू पुढे जा, मी बुधवारी येतेच. आणि नाहीच जमलं तर पुढल्या वर्षी आपण... अरे हो, खोपटं. बरं, मग तुझ्या अंगणात बसू. तिथूनही ऐकू येतातच की. खोपट्यात तरी आपण काय करायचो, चहाच प्यायचो.

रागावू नकोस.

मर्टल


ब्लॅकबर्न खोरं
२८ मार्च

मर्टल,

हे टपालवाला टेडी लिहितोय, मी सांगतोय. माझ्या बोटाला कुऱ्हाड लागलीय.

तू स्पर्धेला जा. पदक आण. मी शनिवारी एकटाच निघतो. वाट मला पाठ आहे. बंदूक नेणार नाही, नुसता आवाज ऐकून येईन. खोपट्याला निरोप द्यायला कुणीतरी हवं.

युअन

मर्टलबाई, खालचं मी माझ्या मनाने लिहितोय. युअन समोरच बसलाय, पण त्याला दिसत नाही, म्हणून लिहिता येतंय. बोटाला काहीही झालेलं नाही. वर्षभर त्याचे डोळे जातायत. परवा दूध कपाच्या शेजारी ओतलं आणि मला विचारलं, “पुरे का?” गाडी सोडलीय, म्हणतो गिअर बिघडलाय. डॉक्टरकडे जात नाही, कारण बंदुकीचा परवाना जाईल. शनिवारी एकटा निघाला तर वाटेतली नदी कशी ओलांडणार? मी बोललो हे सांगू नका. आता विचारतोय, एवढं काय लिहितोस. सांगितलं, पत्ता.


लम्सडेन
२ एप्रिल

टेडी, हे मोठ्याने वाच.

लाडक्या युअन,

तू जिंकलास. नवं डबडं काही केल्या बसेना, भोकं चहाच्या टेबलभर पसरली, आणि संघाने मला काढून टाकलं. बरं झालं. ते लोक सँडविचमध्ये लोणी घालत नाहीत. मी हात टेकले आणि हर्बर्टकडून काडतुसांचे दोन खोके आणले. तयार फ्रॉक तर तयार फ्रॉक.

११ तारखेला, शनिवारी सकाळी पोचते. मात्र माझा गुडघा आता नदीतल्या दगडांना घाबरतो. तुला माझा हात धरून चालावं लागेल, आणि मी जिथे म्हणेन तिथेच पाय टाकायचा, पुढे पळायचं नाही. म्हातारी झालीय तुझी बहीण, जरा सांभाळून घे.

मर्टल

टेडी, इथे वाचायचं थांब. युअनला म्हण, संपलं.

संघातून मीच नाव काढलं. सगळे तोंड पाडून बसले, तर मी त्यांना एक केक देऊन आले. गुडघ्याला काही नाही. खोके दुकानाचे आहेत, आत काडतुसं माझीच, मऊ टोकाची. या आठवड्यात रोज संध्याकाळी मैदानावर जाऊन माप बसवलं. त्याला कळू देऊ नकोस, त्याला आता एक तरी गोष्ट जिंकू दे. शनिवारी आम्हाला गाडीने नदीपर्यंत सोड. तुझ्यासाठी पायमोजे विणतेय, मोठे पाय ना रे तुझे?


ब्लॅकबर्न खोरं
२० एप्रिल

इस्ला बाळ,

मी अजून मामाआजोबांकडेच आहे. तुला सगळं सांगते, पण मला घाई करू नकोस.

नदी ओलांडली. त्याने माझा हात धरला आणि मी वाटभर कण्हत राहिले, “हळू रे, डावीकडे दगड, माझा गुडघा गं बाई.” पलीकडे पोचल्यावर म्हणतो, “मर्टे, तू फारच थकलीस. मला वेळेवर सांगायचं.” मी म्हटलं, हो रे बाबा.

खोपटं तस्संच. रात्रभर हरणं बोंबलत होती. केआ पोपटाने माझ्या बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या झाकणाचं रबर खाल्लं, सकाळी छपरावर बसून आम्हालाच शिव्या देत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही कुरणाच्या कडेला बसलो. एक नर इतक्या जवळ ओरडला की माझ्या दातांत आवाज गेला. युअन कानानेच ओळखून म्हणाला, “त्या दोन बीच झाडांच्या मधे. आला. धर.” मी बंदूक उचलली, दुर्बिणीला डोळा लावला, आणि बाळ, दुर्बिणीत फक्त केस!

तपकिरी केस, काठापासून काठापर्यंत. ना डोकं, ना पाय. तुझ्या शहाण्या आजीने दुर्बीण कागदाच्या मापावर सगळ्यात मोठी करून ठेवलेली, आणि तशीच डोंगरावर आणलेली! इतके महिने त्या काडतुसाचा कणन्‌कण तोलला, आणि दुर्बिणीचं एक कडं फिरवायचं राहिलं.

युअन कुजबुजतो, “काय दिसतं?”

“केस.”

“कुठले केस?”

“मला काय ठाऊक! सगळीकडेच केस.”

“मान का पोट?”

“सोफा असेल.”

नीट ओळख पटल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही, हे तर आपल्याकडे शेंबडं पोर जाणतं. बोट बाहेर ठेवलं. कडं फिरवायला गेले तर थंडीने जाम. तेवढ्यात त्या नराने आमच्याकडे पाहून एक शिंक दिली आणि गेला. मी म्हटलं, “गेला रे. समोर होता आणि मला नुसतं तपकिरी धुकं दिसलं.”

युअनने माझ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, “मर्टे, मला सगळंच तसं दिसतं. तू आत्ता माझ्याशेजारी बसलीयस, तर मला एक टोपी दिसते. तीही तुझी असावी असा अंदाज.”

मी त्याला सांगितलं नाही की मला माहीत होतं. त्याने स्वतः सांगितलं, ते त्याचं राहू दे. फक्त विचारलं, “मग डॉक्टरकडे का नाही जात?” तर म्हणतो, “गेलो आणि त्याने सांगितलं काही होणार नाही, तर?” मी म्हटलं, “तर मी इथे येऊन राहते, आणि दिवसभर बोलत बसते.” तो म्हणाला, “डॉक्टरची वेळ घे.”

हरीण मिळालं, घाबरू नकोस. बुधवारी, त्याच कुरणावर. या वेळी दुर्बीण सगळ्यात लहान करून. पोरसवदा नर होता. युअन “अजून नको, अजून नको” करत होता, मग “आता.” एक गोळी, जागीच. मी रडले, मग त्याला चाकू दिला, मग परत रडले. तो पोट साफ करताना म्हणतो, “बघ! दुकानातलं काडतूस! मी जानेवारीपासून सांगतोय!” इस्ला, मी ओठ असे चावले की अजून दुखतायत.

मग तो शिंगांवरून बोटं फिरवत बसला, पुन्हा पुन्हा, अगदी हळू. म्हणाला, “बारा टोकं आहेत, मर्टे.” मी म्हटलं, मांस घे पाठीवर, सूर्य वर आला.

मे महिन्यात त्याला डनेडिनला आणते. स्टेशनवर ये. डोळ्यांचा विषय त्याच्यासमोर काढू नकोस, आम्ही तुला भेटायला येतोय.

आजी


ब्लॅकबर्न खोरं
१६ मे

मर्टल,

टेडी लिहितोय.

डनेडिनच्या डॉक्टरचं पत्र आलं. मोतीबिंदू. आधी आलो असतो तर आधीच काढला असता, असं त्याने खोचून लिहिलंय. पुढल्या महिन्यात पहिला डोळा, मग दुसरा. परवान्याचं नंतर बघू म्हणाला.

खोपट्याचे पत्रे उतरवायला माणसं आली होती. मी त्यांना चहा दिला आणि तुझ्या बारा टोकांच्या नराची गोष्ट सांगितली. ती आता खोरंभर झालीय. कालच दारूच्या गुत्त्यात एकाने मलाच ती सांगितली, आणि त्यात तू धावत्या नराला मारलंस. मी खोडलं नाही. शिंगं दारावर ठोकलीत. पट्टी सुटून घरी आलो की पहिल्यांदा तीच बघणार.

युअन

मर्टलबाई, शिंगं मीच ठोकली. टोकं सहा आहेत. उन्हात नेऊन तीनदा मोजली. त्याने बहुतेक दोन्हीकडून मोजली असावीत. आता गुत्त्याचा मालक मला म्हणतोय, टेडी, तू शिकलेला माणूस, भिंतीवर लावायला त्या नराचं नीट लिहून दे. काय लिहू? पायमोजे छान झाले.


लम्सडेन
२० मे

टेडी,

बारा लिही.

आणि तो दवाखान्यात असेल तोवर बारा टोकांची शिंगं कुठे मिळतात ते हळूच विचारून ठेव.

मर्टल